पिक्चर सुटल्यावरची वाट

‘तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कोणत्या पिक्चरची वाटली?’ एवढा एकच प्रश्न बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या लोकांना विचारला आणि आलेल्या उत्तरांतून हे पुस्तक तयार झालं. शेतकरी, शिक्षक, कारखान्यातले कामगार, एसटीचे वाहक, कॉलेजातली मुलंमुली, घर आणि गोठा सांभाळणाऱ्या बायका असे सगळे यात लिहिते झाले. त्यांच्या कागदांची चळत वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येत राहिली. चित्रपटाचं नाव, त्याची गोष्ट, नटनट्या हे बहुतेकांनी चार-दोन ओळींत उरकलं आहे. हात खरा सुटतो तो ‘पिक्चर सुटला आणि आम्ही घरी निघालो’ या वाक्यानंतर. भूत पडद्यावर होतं तोवर शेकडो माणसं सोबतीला होती. पडदा सोडून ते बरोबर आलं, ते वाटेत.

मला या प्रस्तावनेत मुख्यतः तेवढंच मांडायचं आहे. आमच्या भागात भयपटाची परीक्षा थिएटरात होत नाही, परतीच्या वाटेवर होते. कोणता चित्रपट त्या वाटेवर टिकला आणि कोणता फाट्यावरच गळून पडला, याचा हिशेब म्हणजे हे पुस्तक.

त्यासाठी आधी ती वाट कशी आहे ते सांगायला हवं. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर, १८८५ च्या सुमाराला नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरचा नकाशाच पालटला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर वसवलं, पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पाणी आलं तशी माणसं गावठाण सोडून रानात राहायला गेली. इथला बागायतदार गावात राहत नाही, वस्तीवर राहतो. एका वस्तीपासून दुसरी वस्ती हाकेच्या अंतरावर असतेच असं नाही, आणि मधलं सगळं अंतर उसानं भरलेलं असतं. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. तो डोक्याच्या वर गेला की शेजारच्या घरातला दिवाही दिसेनासा होतो.

शहरातला प्रेक्षक थिएटरातून बाहेर पडतो तो दिव्यांच्या रस्त्यावर. आमचा प्रेक्षक बारामतीतून शेवटचा खेळ बघून निघाला, की डांबरी रस्ता संपतो तिथे गाडी खाली उतरवतो आणि कालव्याच्या किंवा चारीच्या कडेनं जाऊ लागतो. दोन्ही बाजूंना ऊस. मोटरसायकलच्या उजेडात पुढची दहा पावलं दिसतात, मागचं काहीच दिसत नाही. वारा पडलेला असला तरी पाचटात काहीतरी हलतंच. घूस असते, मुंगूस असतं, रानमांजर असतं, आणि अलीकडे तर बिबट्याचीही खात्री देता येत नाही. हे सगळं माहीत असलेला माणूससुद्धा त्या रात्री गाडीचा वेग वाढवतो.

पिक्चर बघायला गेलंच नाही तरी रात्र चुकत नाही. शेतीच्या पंपाला थ्री फेज लाईट आठवड्याच्या पाळीनं येते. रात्रपाळीचा आठवडा असला की बारा वाजता उठून मोटर चालू करायला जावं लागतं आणि पहाटेपर्यंत दारं धरावी लागतात. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका सरीत पाणी भरत आलं की खोऱ्यानं मातीचा बांध फोडून ते पुढच्या सरीत घ्यायचं आणि आधीचं तोंड बुजवायचं. हे एकट्याचं काम. पायांत गमबूट, नाहीतर नुसतेच पाय, हातात खोरं, कानटोपीत खोचलेली बॅटरी. पाणी सरीच्या दुसऱ्या टोकाला पोचलं का हे बघायला उसाच्या आत शिरावं लागतं. पाल्याची धार गालाला, मानेला कापत राहते. आत गेल्यावर पाण्याचा आवाज कुठून येतोय ते कळत नाही. आपण बॅटरी फिरवली की सगळ्या सावल्या एकदम सरकतात. आमच्याकडे लिहिणाऱ्या बहुतेक पुरुषांनी आपली सगळ्यात मोठी भीती याच ठिकाणी नोंदवली आहे. पिक्चर चार दिवसांपूर्वी कधीतरी बघितलेला असतो. तो आठवतो मात्र नेमका सरीच्या टोकाला उभं असताना.

या अंधाराला आधीपासूनच नावं होती. वाट विसरायला लावणारा चकवा, पाण्याकाठचा गिऱ्हा, पिंपळावरचा मुंजा, विहिरीजवळची हडळ, रात्री नाव घेऊन बोलावणारी हाकामारी. चित्रपट इथे पोचायच्या कितीतरी आधी आजीनं ही सगळी मंडळी घरात आणून बसवलेली होती. आणि नुसती भुतंच कशाला, इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-भीमेच्या संगमावर नीरा नरसिंहपूरला जाऊन या. प्रल्हादानं केलेली वाळूची मूर्ती म्हणून तिथल्या नृसिंहाला लोक पिढ्यान्‌पिढ्या हात जोडत आले आहेत. त्या देवाची कथा भयपट लिहिणाऱ्यानं एकदा नीट वाचावी. वेळ दिवसाची नाही, रात्रीची नाही. जागा घरातली नाही, बाहेरची नाही, उंबरठ्यावरची. येणारा धड माणूस नाही, धड जनावर नाही, आणि तो येतो रोजच्या बघण्यातल्या घराच्या खांबातून. जिथे काही नाही अशी खात्री होती तिथूनच तो बाहेर पडतो. भीती कशी रचायची याचं एवढं नेमकं गणित मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

अशा मुलखात सिनेमा आधी जत्रेबरोबर आला. तंबूतला सिनेमा, म्हणजे टुरिंग टॉकीज, ट्रकवरून गावोगाव फिरायचा. काही लोक पडद्याच्या मागच्या बाजूला बसून उलटा पिक्चर बघायचे. वयस्कर मंडळींच्या लेखनात त्या काळातली दोन नावं सतत येतात. एक, वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६). आशा काळे आणि काशिनाथ घाणेकरांचा हा चित्रपट आज गाण्यांसाठी आठवला जातो, पण ज्यांनी तो त्या वेळी पाहिला त्यांना त्यातली सावली आठवते. भुताच्या मागे माणसाच्या मनाचा गुंता आहे हे शेवटी समजतं. मात्र समजलं म्हणून घरी जाताना भीती कमी झाली, असं एकानंही लिहिलेलं नाही. दुसरं नाव राजकुमार कोहलींच्या ‘जानी दुश्मन’चं (१९७९). लाल शालूतली नवरी डोलीतून निघते आणि वाटेतच नाहीशी होते, ही त्यातली कल्पना. वऱ्हाड बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून रात्री परतायचं त्या काळात, नव्या नवरीला मधोमध बसवायची खबरदारी म्हाताऱ्या बायका घ्यायच्या, असं वाचायला मिळतं. या चित्रपटाची ही खरी पावती मी मानतो.

मग रामसे बंधू आले. ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) पासून त्यांचं दुकान सुरू होतं, पण आमच्याकडे त्यांचा दबदबा वाढला तो ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) आणि ‘बंद दरवाज़ा’ (१९९०) यांनी. त्यांना थिएटरइतकीच वाट दिली ती व्हिडिओनं. गणेशोत्सवात मंडळं भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणायची आणि एका रात्रीत तीन-तीन पिक्चर दाखवायची. पहिला देवाधर्माचा, दुसरा कौटुंबिक, आणि बायका-मुलं पेंगुळली की तिसरा रामसेंचा. अजय अगरवाल यांचा उंच, लांबट चेहऱ्याचा सामरी त्या लहानशा काचेतसुद्धा मावत नसे. रामसेंचे चित्रपट कलाकृती म्हणून थोर नाहीत, आणि तसं म्हणायची गरजही नाही. पण अगदी कमी पैशांत, हवेल्या आणि राजवाडे भाड्यानं घेऊन, धूर आणि निळे-हिरवे दिवे वापरून त्यांनी एका अख्ख्या पिढीला रात्री अंगणात जायची चोरी केली. हे काम मोठं आहे आणि त्याची नोंद आदरानं व्हायला हवी. तरीही आमच्या कसोटीवर रामसे मधेच थांबतात. त्यांचं भूत हवेलीचं. हवेली आमच्याकडे नाही. वस्तीवर पोचेपर्यंत सामरी मागे राहून जायचा.

बायकांच्या लेखनाचा सूर यात वेगळा आहे. रात्रीच्या खेळाला जायची मोकळीक त्यांतल्या फार थोड्यांना होती. म्हणून त्यांच्या आठवणीत थिएटर जवळजवळ नाहीच, टीव्ही आहे. १९९३ मध्ये ‘ज़ी हॉरर शो’ आला, १९९५ मध्ये सोनीवर ‘आहट’ आली. ज्या घरात केबल होती त्या घरात शेजारपाजारच्या मुली गोळा व्हायच्या आणि नंतर घरी जाताना एकमेकींना पोचवत, पुन्हा उलट पोचवत राहायच्या. परतीची वाट अंगणापुरतीच होती. भीती तेवढ्याच मापाची होती, असं मात्र नाही.

परदेशी चित्रपटांबद्दल थोडक्यातच बोलतो. ‘द एक्सॉर्सिस्ट’ (१९७३), ‘ईव्हिल डेड’ (१९८१) कॅसेटवर पोचले, ‘द कॉन्जुरिंग’ (२०१३) कॉलेजच्या मुलांनी वसतिगृहात लॅपटॉपवर पाहिला. क्रूस, पवित्र पाणी, लॅटिन मंत्र यांनी इथला माणूस फारसा हलत नाही, कारण तो देवही त्याचा नाही आणि तो सैतानही. ‘एक्सॉर्सिस्ट’मध्ये एका बापाला भीती वाटली ती वेगळ्याच ठिकाणी. मुलीला काय झालंय ते डॉक्टरांना सांगता येत नाही, तपासण्यांमागून तपासण्या होत राहतात आणि आई बाहेर बसून असते. ती आई त्याला ओळखीची वाटली. आपल्याकडच्या, राम गोपाल वर्मांच्या हिंदी ‘भूत’नंही (२००३) असंच ओळखीच्या जागी गाठलं. ऊर्मिला मातोंडकर ज्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये झपाटली जाते, तसाच फ्लॅट इथल्या कितीतरी घरांनी पोरांच्या शिक्षणासाठी पुण्यात घेतला होता. त्यांची वाट लिफ्टमधून जात होती आणि भूत तिथेच उभं होतं.

मराठी चित्रपट मात्र बराच काळ भुताकडे बघून हसत राहिला. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मध्ये अशोक सराफांचं भूत दिलीप प्रभावळकरांच्या मास्तरला मदत करतं. महेश कोठारेंच्या ‘पछाडलेला’मध्ये (२००४) वाड्यातली भुतं अंगात शिरून गोंधळ घालतात. वगनाट्याच्या, बतावणीच्या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला भूत रंगमंचावर आलं की टाळी द्यायची सवय होती, आणि घाबरवायला लागणारा पैसा व तंत्र निर्मात्याकडे नव्हतं. दोन्ही कारणं खरी असावीत. पण ‘झपाटलेला’ (१९९३) याला अपवाद आहे, आणि तो अपवाद मुलांनी केला. मोठ्यांनी तो लक्ष्मीकांत बेर्डेंचा विनोदी चित्रपट म्हणून पाहिला. मुलांनी तात्या विंचूचा म्हणून पाहिला. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला, त्याचे फिरणारे डोळे आणि प्रभावळकरांचा घोगरा आवाज यांनी नव्वदच्या दशकातल्या पोरांची झोप उडवली. ज्यांनी जत्रेतून आणलेली बाहुली रात्री पेटीत घालून वर पाट ठेवला, ती मुलं आज पस्तिशी-चाळिशीत आहेत आणि या पुस्तकात त्यांची संख्या लक्षणीय आहे.

खरी भीती मराठीत तोवर कागदावर होती. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची पुस्तकं वाचनालयातून रांग लावून न्यावी लागायची. धारपांच्या कथेत भूत उशिरा येतं. आधी घर येतं, खोली येते, दाराची कडी येते. मतकरींच्या गूढकथेत तर अनेकदा भूत येतच नाही. हे दोघे नसते तर आपल्याकडे ‘तुंबाड’ (२०१८) झाला नसता, असं मी जबाबदारीनं म्हणतो. लेखक अनिल बर्वे यांचा मुलगा राही अनिल बर्वे यानं मित्राच्या तोंडून ऐकलेली धारपांची एक गोष्ट वर्षानुवर्षं मनात वागवली. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं आणि चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ ला लागला. खोल गर्भातला हस्तर, पिठाच्या बाहुल्या, साखळीत बांधलेली म्हातारी, आणि थांबायचं नाव न घेणारा पाऊस. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली.

‘तुंबाड’ कोकणातला, पण त्यातला वाडा आमच्या वाटेवर आहे. बारामतीहून मोरगाव, जेजुरी करत पुण्याला निघालं की सासवड लागतं, आणि तिथल्या पुरंदऱ्यांच्या वाड्यात ‘तुंबाड’चं काही चित्रीकरण झालं. एसटीच्या खिडकीतून लहानपणापासून ज्या गावाकडे पाहिलं, तिथे हे घडवता आलं याचा आमच्या मंडळींना अभिमान आहे. वाड्यापेक्षा जवळची गोष्ट वेगळी आहे. बाप पोराला हावेची कला शिकवतो आणि पोरगं बापाच्या पुढे जातं. ज्या तालुक्यांत गुंठ्याच्या भावानं भावाभावांतलं बोलणं बंद केलं, तिथे या चित्रपटाला भूतकथा म्हणून कोणी बघितलं नाही. २०२४ च्या ‘मुंज्या’बद्दलही चांगलं लिहून आलंय. आदित्य सरपोतदार यांनी तो मजेत केला आणि पिंपळावरचं आपलं भूत देशभर पोचवलं, पण भीतीच्या यादीत तो वर आला नाही.

यादीत सगळ्यात वर आहे तो विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’. १४ जुलै २०१७ ला प्रदर्शित झालेला, मोठे नट नसलेला, फार जाहिरात न झालेला चित्रपट. मला विचाराल तर मराठीत आजवर झालेला हा सर्वांत अस्सल भयपट आहे, आणि तो आमचा आहे असं म्हणायचा हक्क आम्हाला उसानं दिला आहे.

आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) आणि तिचा नवरा पैशाच्या लफड्यातून पळ काढतात आणि ड्रायव्हरच्या ओळखीनं एका खेड्यातल्या घरात आसरा घेतात. घर भर उसाच्या मधोमध. घरात तुळसाबाई, उषा नाईक यांनी साकारलेली. ती नेहाला जेवू घालते, तिची काळजी घेते, पोटावरून हात फिरवते. आणि उसातून लहान मुलांचे आवाज येऊ लागतात. ती खेळत असतात. लपाछपी.

पहिली गोष्ट ही की यातली बरीच भीती दिवसाउजेडी आहे. रामसेंना रात्र लागायची, धूर लागायचा. फुरियांना दुपारचं ऊन आणि उसाच्या दोन ओळी पुरल्या. सरीत उभं राहून दोन्ही बाजूंना बघितलं की ओळ सरळ दिसते, पण पाचव्या ओळीत कोण उभं आहे ते दिसत नाही. हे ज्याला माहीत आहे त्याला कॅमेरा त्या पानांतून पुढे सरकू लागताच घाम फुटतो. नेहा पळते आणि वाट तिला बाहेर नेत नाही. आजी सांगायची तो चकवा हाच. लपाछपीचा खेळ आमच्या पोरांनी उसातच खेळलेला असतो आणि ‘उसात शिरू नका’ म्हणून मारही त्यासाठीच खाल्लेला असतो. या चित्रपटानं कुठलीही नवी जागा दाखवली नाही. वस्तीच्या पायरीवरून जे दिसतं तेच दाखवलं. त्यामुळे त्याच्या बाबतीत परतीची वाट वेगळी उरलीच नाही. घर हाच शेवटचा मुक्काम होता, आणि भीती तिथे आधीच येऊन बसली होती.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. ही मुलं कोण, ही बाई कोण, या घरात काय झालं होतं, याचं उत्तर मुलगी नको म्हणून घेतलेल्या जिवांपाशी जातं. आणि इथे चित्रपट पडदा सोडून आपल्याकडे बघायला लागतो. गर्भलिंग निदानावर बंधन घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ चा. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे राज्यात २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळ इथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. ‘लपाछपी’ त्याआधीच बनून तयार होता, लागला त्यानंतर चार महिन्यांनी. म्हैसाळ हा कृष्णाकाठचा ऊसमळाच. ज्या पट्ट्यात पाणी आलं, पैसा आला, सोनोग्राफी आली, त्याच पट्ट्यात हे झालं. आमचे दोन तालुके त्याच पट्ट्यातले आहेत, आणि ‘हे दुसरीकडे होतं’ असं म्हणायची सोय आम्हाला नाही.

बारामती-इंदापुरातल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात गेलात तर गर्भलिंग निदान इथे केलं जात नाही आणि तो गुन्हा आहे, असं सांगणारा फलक भिंतीवर असतो. कायद्यानं तो लावावाच लागतो. आपला नंबर येईपर्यंत तो फलक वाचत बसलेल्या बाईला तो कशासाठी लावावा लागला हे ठाऊक असतं. ‘लपाछपी’वर लिहिणाऱ्या बायकांनी भुतांबद्दल जवळजवळ काही लिहिलेलं नाही. त्यांनी तुळसाबाईबद्दल लिहिलं आहे. तिच्या गोड बोलण्याबद्दल, ताटात वाढण्याच्या पद्धतीबद्दल, ‘यंदा मुलगाच होणार’ असं ठामपणे बोलणाऱ्या सगळ्या प्रेमळ बायकांबद्दल, ज्या त्यांना आपापल्या घरात भेटल्या. पुढे फुरियांनीच या कथेवर ‘छोरी’ (२०२१) हिंदीत केला. तो मोठ्या वर्गापर्यंत गेला याचा आनंद आहे, पण मी वाचकाला आधी मराठीच बघा म्हणेन. तिथली बोली, तिथलं स्वयंपाकघर आणि तिथला ऊस यांना पर्याय नाही.

काही जणांनी भुताचा नसलेला चित्रपट निवडला आणि तो आम्ही मुद्दाम ठेवला आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२९ एप्रिल २०१६). उजनी धरणाच्या पाण्यापलीकडे करमाळा, तिथे त्याचं चित्रीकरण झालं. अलीकडे इंदापूर. गाणी ऐकून, दोन-दोनदा नाचून घरी जायच्या तयारीत असलेल्या प्रेक्षकाला शेवटची काही मिनिटं मंजुळे यांनी जी दिली, तशी कुठल्याही भयपटानं दिलेली नाहीत. माहेरची माणसं घरी येतात, चहा होतो. मग शेजारणीबरोबर लहान मूल परत येतं आणि चित्रपटातून आवाजच काढून घेतला जातो. आमच्याकडे चित्रपट सुटल्यावर लोक वाहनतळापर्यंत बोलले नाहीत. ज्या मुला-मुलींचं जातीबाहेर जमलं होतं त्यांची त्या रात्रीची वाट कशी गेली असेल? एका मुलीनं त्यावर लिहिलं आहे, नाव न देता. ते पान वगळून कोणी पुढे जाऊ नये.

आलेल्या मजकुरातला एक भाग आम्ही छापला नाही. चित्रपट पाहिला, मग घरात कोणाला बाधा झाली, मग अमुक भगतानं ती उतरवली, अशी ती हकिकत. लिहिणाऱ्यांचा त्यावर विश्वास आहे हे मान्य करूनही तिला या पुस्तकात जागा नाही. पडद्यावरची भीती आपण तिकीट काढून, आपल्या मर्जीनं घेतो आणि दिवे लागले की परत करतो. भगताची भीती आजारी माणसाला दवाखान्यात जाऊ देत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. ज्याला भयपट मनापासून आवडतो त्यानं तर भुतावर विश्वास न ठेवण्याची शिस्त अधिकच पाळावी, असं माझं मत आहे. घाबरण्याची मजा तरच निर्मळ राहते.

एका न बनलेल्या चित्रपटाबद्दल लिहायचं राहिलं. उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव त्यातलंच. माणसं वर सरकली, नवी गावठाणं झाली, आणि पळसनाथाचं दगडी मंदिर पाण्यातच राहिलं. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, असं इंदापूरकर म्हणू लागले की समजायचं, कळस दिसायची वेळ आली. पाऊस फारच रुसला तर सगळं मंदिर उघडं पडतं, लोक चिखल तुडवत आत जाऊन हात जोडून येतात, आणि पावसाळ्यात ते पुन्हा पाण्याखाली जातं. आपल्या जुन्या घराचा पाया शोधत फिरणारी म्हातारी माणसं त्या दिवसांत तिथे भेटतात. पाण्याखालच्या विहिरी, आड, स्मशान, शाळा, तालीम कुठे होती हे ती बोट दाखवून सांगतात. रामसेंना ‘पुराना मंदिर’ उभा करायला सेट आणि धूर लागला. इथे सगळं तयार आहे. आणि त्यातलं दुःखही खरं आहे, म्हणून तिथली भूतकथा पोकळ होणार नाही.

हे पुस्तक वाचून इथल्या एखाद्या मुलानं किंवा मुलीनं हा चित्रपट करायचं मनावर घ्यावं अशी माझी फार इच्छा आहे. कॅमेरा आता फोनमध्येही आहे. ज्यांनी ते गाव चालताबोलता पाहिलं ती माणसं आता उतारवयात आहेत, तेव्हा त्यांच्याशी बोलणं आधी उरकावं. मंदिराचं चित्रीकरण एप्रिल-मेमध्येच होईल, आणि तेही उजनी खाली गेली तरच. ज्या वर्षी पाणी भरपूर असेल त्या वर्षी संहिता लिहावी.